पीटीच्या तासामागचा माणूस



स्मरणिकेच्या कामाची वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला 'एका थोर व्यक्तीचं चरित्र' आलं. मी गटावर स्वामी कुवलयानंदांचं नाव कळवलं. लगेच दोघातिघांनी हात जोडलेली चित्रं पाठवली आणि एकाने विचारलं की सॉफ्टवेअर सोडून अध्यात्माकडे कधी वळलीस? म्हणून सुरुवातीलाच सांगते, हा लेख पीटीच्या तासाबद्दल आहे. आपल्या वेळापत्रकात आठवड्यातून दोनदा जो तास असायचा, ज्यात मैदानावर रांगा लावून आपण हात वर, हात बाजूला, हात खाली करायचो, त्या तासासाठी या माणसाने आयुष्याची बरीच वर्षं दिली. लोणावळ्याला जाताना कैवल्यधाम या नावाची पाटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती संस्था त्यांचीच. पण महाराष्ट्रातल्या शाळांशी त्यांचा जो संबंध आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. जगन्नाथ अभ्यासात मात्र हुशार. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. आपल्या वेळी बोर्डात येणाऱ्या मुलाकडे सगळं गाव ज्या कौतुकाने पाहायचं, तसाच तो मान होता. पुढचं शिक्षण बडोदा कॉलेजात झालं. तिथे तेव्हा अरविंद घोष शिकवत होते आणि बाहेर लोकमान्य टिळकांचा काळ होता. या वातावरणात वाढलेल्या मुलाने नोकरी आणि संसार या वाटेने न जाता आजन्म ब्रह्मचारी राहून समाजाचं काम करायचं असं विद्यार्थिदशेतच ठरवलं.

आता त्यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हा संस्कृतचा स्कॉलर १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं एका व्यायामशाळेत शिकत होता. बडोद्यातल्या जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव हे त्यांचे गुरू. मल्लविद्या, लाठी, मर्दानी खेळ या सगळ्यांत माणिकरावांचं नाव मोठं होतं. पण ते नुसते पहिलवान घडवत नव्हते. मोठ्या संख्येने मुलांना एकत्र उभं करून, एका आज्ञेवर, एका तालात व्यायाम करून घेण्याची पद्धत त्यांनी बसवली होती आणि त्यासाठी आपल्या भाषांमधल्या आज्ञा वापरात आणल्या होत्या. तोवर शाळांमधली कवायत म्हणजे इंग्रजी आज्ञा आणि लष्करी थाट. ती घ्यायला अनेकदा पलटणीतून निवृत्त झालेला माणूस असायचा. दुसऱ्या बाजूला गावोगावी तालमी होत्या, पण तिथे जाणार तो हौशी आणि मुळातच दणकट मुलगा. वर्गातला किडकिडीत, लाजरा मुलगा दोन्हीकडे मागेच राहायचा आणि मुलींचा तर विचारही नसायचा. सगळ्यांना एकदम व्यायाम कसा द्यायचा हा प्रश्न गुण्यांच्या मनात माणिकरावांच्या आखाड्यात शिरला असावा, असं त्यांचं पुढचं काम पाहिलं की वाटतं.

त्यानंतर ते खानदेशात अमळनेरला आले. लोकांमध्ये फिरताना त्यांना निरक्षरता आणि अंधश्रद्धा दिसली आणि शिक्षणाशिवाय हा देश हलणार नाही असं त्यांचं मत पक्कं झालं. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात ते पडले. १९१६ पासून १९२३ पर्यंत त्यांनी अमळनेरला शाळेतल्या आणि कॉलेजातल्या मुलांना भारतीय संस्कृती शिकवली, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्रमुखही होते. राष्ट्रीय वृत्तीच्या त्या महाविद्यालयावर सरकारची वक्रदृष्टी होतीच आणि पुढे ते बंद पडलं. १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले. एकाच गावाला असे शिक्षक पाठोपाठ मिळाले.

अमळनेरच्या या काळातच, १९१९ साली, त्यांची गाठ परमहंस माधवदासजींशी पडली. माधवदासजी मूळचे बंगालचे, बडोद्याजवळ नर्मदेच्या काठी मालसर इथे राहत होते. त्यांच्याकडे गुणे योग शिकले. गुरूवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती. आणि तरी, आसनं आणि क्रिया केल्याने शरीरात काय होतं हे केवळ परंपरा सांगते म्हणून मान्य करायला हा शिष्य तयार नव्हता.

१९२० आणि १९२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात क्ष-किरण यंत्रापुढे उड्डियान आणि नौली या दोन क्रियांचे प्रयोग करून पाहिले. नौली म्हणजे पोटाचे मधले स्नायू दांड्यासारखे पुढे काढून फिरवणं. या क्रियेच्या जोरावर योगी माणूस गुदद्वारातून पाणी वर ओढून घेऊ शकतो, हे जुन्या ग्रंथांत होतं. त्याचं स्पष्टीकरण अपान वायूवर सोडलेलं असायचं. गुण्यांनी दाब मोजला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी आपोआप आत चढतं, असं आकड्यांनी दिसलं. या कमी दाबाला त्यांनी आपल्या गुरूचं नाव दिलं. चमत्कार गेला, क्रिया राहिली आणि गुरूचा मानही राहिला. इंजिनिअर म्हणून मला त्यांचं हे वागणं फार आवडतं.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना झाली. तोवर ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले होते. संस्थेबरोबरच 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक निघालं. त्याचे जुने अंक चाळले तर आश्रमाचं मासिक वाचतोय असं वाटतच नाही. क्ष-किरणांची छायाचित्रं, दाबाचे तक्ते, प्रयोग कसा केला याचा तपशील, शंकांची उत्तरं. सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन करताना रक्तदाब किती चढतो हेही त्यांनी मोजलं. आजच्या भाषेत सांगायचं तर वापरायला देण्याआधी त्यांनी चाचणी घेतली.

या चाचण्यांचे निकाल नेहमी सोयीचे येत नसत. प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, असं आजही कितीतरी शिबिरांत सांगतात. स्वामीजींनी मोजलं तेव्हा तसं आढळलं नाही. त्यांनी ते लपवलं नाही. ऑक्सिजनचा मुद्दा बाजूला ठेवून प्राणायामाचा उपयोग मज्जासंस्थेच्या अंगाने पाहायला हवा, असं त्यांनी मांडलं. ज्या विद्येसाठी आयुष्य वाहून घेतलं, तिच्याबद्दलचा लोकप्रिय दावा स्वतःच खोडून काढायला जी शिस्त लागते, ती आमच्या क्षेत्रातही रोज दिसत नाही.

१९२७ मध्ये महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. १९३१ मध्ये आसनांवरचं आणि प्राणायामावरचं अशी त्यांची दोन पुस्तकं आली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले के. टी. बेहनन हे अभ्यासक त्यांच्याकडे राहून योग शिकून गेले. १९३६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हला त्यांचं आरोग्यकेंद्र उभं राहिलं. एवढं नाव झाल्यावर मोठमोठ्या रुग्णांवर उपचार करत सुखाने राहता आलं असतं. स्वामीजी मात्र याच वर्षांत सरकारी समित्यांच्या बैठकांना जात होते.

शाळांमधल्या शारीरिक शिक्षणासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीत ते १९२७ पासून होते. कन्हैयालाल मुनशींसारखी माणसं तिथे त्यांच्याबरोबर होती. पुढे १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात आलं. त्याच वर्षी नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे स्वामीजी अध्यक्ष होते. आणि पाठोपाठ, १९३८ मध्ये, कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

कांदिवलीच्या या संस्थेचं महत्त्व लक्षात घ्यायला हवं. गणित शिकवायला गणित शिकलेला माणूस लागतो हे सगळ्यांना पटतं. व्यायाम शिकवायलाही शिकलेला माणूस लागतो हे मात्र तेव्हा पटवून द्यावं लागत होतं. कुठल्या वयाला कोणता व्यायाम, किती वेळ, कोणत्या मुलाला काय देऊ नये, दम लागलेल्या मुलाला कधी थांबवायचं, हे ज्ञान आहे. ते शिट्टी आणि आवाज यांच्या जोरावर येत नाही. आपल्या शाळेत पांढऱ्या बुटांतले पीटीचे सर होते आणि वेळापत्रकात त्यांचा स्वतःचा तास होता. त्याचं मूळ त्या काळातल्या अशा प्रयत्नांमध्ये आहे.

१९३६ मध्ये आलेलं स्वामीजींचं 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक खास समूहासाठी आहे. इथे माणिकरावांचा आखाडा आणि माधवदासजींचा आश्रम एकत्र आले. योग हा एकट्याने, शांतपणे, आपापल्या गतीने करायचा. पण शाळेत एक शिक्षक, समोर पन्नास मुलं, हातात एक तास, साधनांसाठी पैसे नाहीत. मग काय करायचं? स्वामीजींनी सोप्या यौगिक हालचाली निवडल्या, त्यांचे टप्पे पाडले, टप्प्याला आज्ञा दिली आणि ते सगळं अंकांवर बसवलं. रांगेत उभं राहता आलं की पुरे, डंबेल्स नकोत, वेगळे कपडे नकोत. त्यांच्या योजना मुंबई प्रांतापुरत्या राहिल्या नाहीत, संयुक्त प्रांतातल्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागातल्या शिक्षणसंस्थांपर्यंतही गेल्या. १९३७-३८ च्या सुमारास अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका जोसेफिन राथबोन लोणावळ्याला येऊन त्यांचं काम पाहून गेल्या.

असा योग खरा योग आहे का, अशी शंका कुणीही घेऊ शकतो. टाळ्यांच्या तालावर केलेल्या आसनात ध्यान कुठून येणार? मला वाटतं हे स्वामीजींना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. लोणावळ्याच्या साधकांसाठी त्यांनी सखोल साधना ठेवलीच होती. पण खेड्यातल्या शाळेतल्या पन्नास मुलांपैकी एकालाही वगळायचं नसेल, तर सोपं, स्वस्त आणि सगळ्यांना जमेल असं काहीतरी लागतं हे त्यांनी ओळखलं. शिक्षकाचा मुलगा होते ते. पन्नास मुलांचा वर्ग म्हणजे काय, हे त्यांना सांगायला लागलं नसेल.

स्वातंत्र्यानंतरही ते थांबले नाहीत. लोणावळ्याला त्यांनी योगाचं महाविद्यालय सुरू केलं, म्हणजे इथेही शिक्षक तयार करण्याचंच काम. संशोधन आणि जुन्या हठयोग ग्रंथांचा अभ्यास चालू राहिला. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचं निधन झालं. कैवल्यधाम आजही चालू आहे. योगमीमांसाही चालू आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्या वेळी पीटीच्या तासाला मुलं क्रिकेट खेळायची आणि आम्ही निम्म्या मुली पायऱ्यांवर बसून भेंड्या लावायचो. दहावीत तर तो तास गणिताला किंवा विज्ञानाला जायचा. पीटीला श्रेणी मिळायची, गुण मिळायचे नाहीत, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. आज माझ्या कार्यालयात पंचविशीतली मुलंमुली मानेचे पट्टे लावून बसतात. मी स्वतः दर तासाला उठण्यासाठी घड्याळात गजर लावते. दोन जिने चढल्यावर धाप लागते म्हणून तपासण्या करून घेणारे आपल्या तुकडीतही आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. शाळा, मग शिकवणी, मग मोबाइल या दिवसात साठ मिनिटं कुठे बसवायची, हे आई म्हणून मलाही सुटलेलं नाही. बऱ्याच मुलांच्या दिवसात ती जागा फक्त शाळाच देऊ शकते.

दर वर्षी २१ जूनला शाळाशाळांत चटया पसरून योगदिन होतो. छान वाटतं, फोटोही येतात. स्वामीजींचा आग्रह वर्षभराच्या वेळापत्रकाचा होता. त्यांच्या चरित्रातून मला तीन साधे प्रश्न मिळाले, जे कुठल्याही शाळेला विचारता येतात. व्यायामाचा तास ठरलेल्या वेळी खरोखर होतो का? तो घेणारा माणूस त्यासाठी शिकलेला आहे का? आणि रांगेतल्या शेवटच्या मुलाला, शेवटच्या मुलीला, त्यात काही करायला मिळतं का, की ती पायरीवर बसून राहते?

स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर गटावर चर्चा चालू आहे. डिजिटल फळा, संगणक, प्रवेशद्वाराची कमान, असे पर्याय आले आहेत. संगणकावर माझं पोट चालतं, त्यामुळे त्याला मी नाही म्हणणार नाही. पण मुख्याध्यापकांना भेटायला गेलेल्यांनी सांगितलं की शारीरिक शिक्षणाची जागा सध्या रिकामी आहे आणि ते तास ज्यांना जमेल ते शिक्षक घेतात. माझा प्रस्ताव असा : निधीतला एक भाग तीन वर्षांसाठी एका प्रशिक्षित शारीरिक शिक्षण शिक्षकाच्या मानधनाला ठेवावा. अट एकच घालू, पाचवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीला तास मिळाला पाहिजे, दहावीलासुद्धा. आणि दर सहामाहीला मुलांच्या धावण्याच्या, वाकण्याच्या, दमाच्या साध्या नोंदी ठेवाव्यात. तो तक्ता मी बनवून देईन आणि सांभाळीन. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, एवढं तरी स्वामीजींकडून घेऊ या.

कमानीवर आपल्या तुकडीचं नाव कोरता येईल, मानधनावर कोरता येणार नाही, हे मला कळतं. खजिनदारांनी पाठवलेल्या यादीत हा पर्याय चौथ्या क्रमांकावर घातला आहे. मेळाव्याला याल तेव्हा मत द्यायच्या आधी एकदा मैदानाला फेरी मारून या. चालतच.